तीन टिंबं, एक रेघ

“काडेपेटी आहे का गं तुझ्याकडं?”

सन्मती मगदूमने मला आपणहून विचारलेला हा पहिला प्रश्न. जूनपासून आम्ही एका वर्गात होतो, दिवाळीची सुट्टी लागली होती, आणि बाईसाहेबांना माझ्याशी बोलायला मुहूर्त सापडला तो दस्तगीर चाचांच्या बेकरीत, पुढ्यात नानकटाईचा पत्रा घेऊन बसलेली असताना. मी ‘नाही’ म्हणायला तोंड उघडलं. शब्द आला नाही. मग नुसतीच मान हलवली, तीही इतक्या जोरात की वेणी तिच्या पिठाला लागली.

हे मी आता सांगितलं तर कुणाला खरं वाटत नाही. आता मी दहावीत आहे आणि बोलते म्हणून माझी जागा दर आठवड्याला बदलतात. पण सातवीत आम्ही अकोल्याहून जयसिंगपूरला आलो तेव्हा मी खरोखरच मुकी होते. बाबांची बदली झाली होती, ते सकाळी जायचे ते रात्री यायचे. आईला शेजारणी मिळाल्या. मला मिळालं वर्गातलं शेवटून दुसरं बाक, पूर्ण एकटीला. पहिले दोन दिवस मला वाटलं, काय ऐसपैस जागा आहे. मग कळलं.

तर, बेकरी. अकोल्याला आम्ही नानकटाई विकत आणायचो, पुड्यातली. इथे तसं नाही. इथे दिवाळी आली की घरोघरची माणसं मैदा, साखर, तूप डब्यात घालून बेकरीत जातात. बेकरीवाले पीठ मळून देतात, भट्टी त्यांची, पण नानकटाया वळायच्या आपण. बायका, मुली सगळ्या जमिनीवर ओळीने बसतात, पुढ्यात मोठमोठे पत्रे, त्यावर गोल गोल गोळे थापत जायचे. पत्रा भरला की भट्टीत. घामाच्या धारा, तुपाचा वास, आणि गप्पा तर अशा की भट्टी विझली तरी नानकटाई त्या गप्पांवर भाजून निघेल. आई आमचं सामान ठेवून शेवेचा घाणा काढायला घरी गेली होती आणि मला म्हणाली होती, “वळशील ना व्यवस्थित? कोणी काही विचारलं तं बोलजो जरा.”

सन्मतीला काडेपेटी मिळाली निलोफरकडून. निलोफर म्हणजे दस्तगीर चाचांची मुलगी, तीही आमच्याच वर्गात. वर्गात ती मॉनिटर होती आणि बेकरीतही मॉनिटरच होती. “काड्या परत दे हं, भट्टीला लागतात,” असं म्हणून तिने पेटी आमच्या दोघींच्या मध्ये टाकली.

सन्मतीने एक काडी घेतली. मागच्या टोकाने नानकटाईवर तीन टिंबं दिली आणि खाली एक आडवी रेघ ओढली. मग दुसरीवर. तिसरीवर. इतकं सुंदर दिसत होतं ते. हसरा चेहरा म्हणावा तर नाही, फूल म्हणावं तर नाही, पण छान. मी आजूबाजूला बघितलं. पलीकडच्या काकी बांगडीचा काठ उमटवत होत्या. एक आजीबाई सोड्याच्या बाटलीचं बूच दाबत होत्या. मला वाटलं, अच्छा, इथे नानकटाईवर नक्षी काढतात. आणि माझ्या वयाच्या मुली बहुतेक तीन टिंबांची काढतात.

पेटी मधेच पडलेली होती. मी एक काडी उचलली.

पहिल्या काही वाकड्या आल्या. मग हात बसला. तीन टिंबं, एक रेघ. सन्मतीने एकदा मान वळवून माझ्या पत्र्याकडे बघितलं, नंतर माझ्याकडे, आणि ओठ दाबून हसली. माझ्या पोटात भट्टीच पेटली. मला वाटलं, जमलं. मी यांच्यातली झाले.

आता इथे मला थोडं मागचं सांगायला हवं, नाहीतर माझ्या पोटातली भट्टी कळायची नाही. सुट्टी लागायच्या आधी मी एक पराक्रम केला होता. आठवडाभर आरशासमोर तयारी करून मधल्या सुट्टीत सन्मतीच्या घोळक्यापाशी गेले होते आणि एका दमात म्हणाले होते, “दिवाळीच्या सुट्टीत माझ्या घरी याल का, प्रत्येकीने आपल्या घरचा एक पदार्थ आणायचा आणि सगळ्यांचं सगळ्यांनी वाटून न्यायचं.” एक म्हणाली मामाकडे जाणार. निलोफर म्हणाली, “दिवाळीत बेकरीतून मला देवसुद्धा सोडवू शकत नाही.” आणि सन्मती म्हणाली, “बघतो.” इथल्या मुली अशाच म्हणतात, मी येतो, मी बघतो. ते ऐकायला मला फार आवडायचं, पण ‘बघतो’चं काय करायचं ते कळेना. आईने कागदी ताटल्या आणून ठेवल्या. रोज विचारायची, “येऊन रायल्या का मंग?” मी सांगायचे, “बघते म्हणाली.” मग आईने विचारायचं बंद केलं, आणि ते विचारण्यापेक्षा वाईट होतं.

म्हणून ते हसू मला एवढं भिडलं.

पत्रे भट्टीत गेले, बाहेर आले. चाचांची माणसं तयार नानकटाया भराभर ज्याच्या त्याच्या डब्यात भरत होती. डबे सगळे सारखेच, तेलाचे पत्र्याचे, झाकणाला कडी लावलेले. त्यावर नाव कुणी लिहीत नाही. लिहायची गरजच नसते, कारण नाव नानकटाईवर असतं. हे मला कळलं ते सन्मतीची आई आल्यावर. मगदूम काकी उंच, गोऱ्या, आणि त्यांचा आवाज असा की बेकरीतल्या गप्पा आपोआप मंदावल्या.

“आमचा डबा कुठला?”

चाचांच्या माणसाने दोन डबे पुढे ठेवले. “दोन्हींत तुमचीच खूण आहे काकी.”

“मी एकच डबा दिलता की.”

“मग दुसरा कुणाचा?”

मी हात वर केला. शाळेत करतात तसा. अख्खी बेकरी माझ्याकडे बघायला लागली.

काकींनी दोन्ही डब्यांतली एकेक नानकटाई उचलून शेजारी शेजारी धरली. “ही आमच्या घरची खूण आहे, बाळ. माझ्या सासूबाईंच्या वेळेपासून. पावटे काकींची बांगडी, शिंदेंचं बूच, आमची टिंबं. तू का घातलीस?”

मला तेव्हा कळलं की ती बांगडी का होती आणि ते बूच का होतं. जमीन फाटावी तर तीही फाटेना, कारण तिच्यावर सगळीकडे पत्रे होते.

“मला वाटलं, नक्षी आहे,” मी म्हणाले.

कुणीतरी खुसकन हसलं. बूचवाल्या आजीबाई म्हणाल्या, “नवीन हाय पोरगी. तिला काय म्हाईत.” आणि दुसऱ्या म्हणाल्या, “आता वो कसं करायचं? कुठला डबा कुणाचा?”

“त्यात काय, खाऊन बघा की,” निलोफर म्हणाली.

“माझी अष्टमी आहे आज,” काकी म्हणाल्या. म्हणजे उपवास. नाकाजवळ धरून वास घेतला, पण त्या बेकरीत भिंतींनासुद्धा नानकटाईचा वास येत होता. “सन्मती, तू खाऊन बघ.”

सन्मतीने एका डब्यातली खाल्ली. मग दुसऱ्यातली. सावकाश चावली, डोळे मिटून, परीक्षेत उत्तर आठवावं तशी. सगळे तिच्या तोंडाकडे बघत होते.

“कळत नाही,” ती म्हणाली.

“कळत नाही कसं?”

“इथं गरम होतंय. गरम गरम काय कळणार? निवांत बसून बघायला पाहिजे.”

मग मला दिली. मी खाल्ली, पण खरं सांगते, मला फक्त भीतीची चव लागली. मी म्हणाले, आईला विचारावं लागेल. चाचा म्हणाले, अर्धी-अर्धी वाटून घ्या. काकी म्हणाल्या, “अर्धी कशी घेऊ, आमच्यात साजूक तूप आहे.” मी म्हणाले, “आमच्यातही आहे,” पण इतक्या हळू की फक्त सन्मतीने ऐकलं. ती म्हणाली, “त्यांच्यातही आहे म्हणे.” आणि माझ्याकडे बघत राहिली. नुसती बघत राहिली, काहीतरी राहिलंय अशी.

आणि तेव्हा ते झालं. कसं झालं मला अजून माहीत नाही. माझ्याच तोंडातून, माझ्याच आवाजात, पण भट्टीजवळच्या माणसालाही ऐकू जाईल एवढ्याने आलं, “आमच्या घरी चला. दहाव्या गल्लीत. निवांत बसून खाऊ आणि ठरवू. दोन्ही डबे घेऊन चला.”

काकींनी सन्मतीकडे बघितलं. सन्मती झटकन उठून उभीच राहिली, फ्रॉकचं पीठ झटकत.

“निलू,” चाचा म्हणाले, “तू भी जा. फैसला करके आ.”

“दिवाळीत?” निलोफर म्हणाली.

“जा म्हणतो ना.”

काकी म्हणाल्या, “उन्हं उतरली की मी येते. आणि सन्मती, दिवस मावळायच्या आत जेवायचं आहे, लक्षात ठेव. नानकटाई खाऊन पोट भरू नको.” मगदूम जैन, त्यांच्याकडे सूर्य मावळल्यावर कुणी खात नाही, हे मला त्या दिवशी कळलं. त्या दिवशी मला फार गोष्टी कळल्या.

एक डबा निलोफरच्या सायकलच्या कॅरियरवर, दुसरा मी आणि सन्मतीने कडीला धरून. वाटेत मला एक अक्षर सुचलं नाही. सगळं बोलणं मी बेकरीत संपवून आले होते.

आईने दार उघडलं. कपाळावर बेसन, हातात झारा. माझ्यामागे दोन मुली बघून ती अशी उभी राहिली की झाऱ्यातून तेल पायपुसण्यावर गळायला लागलं.

“या ना,” ती म्हणाली. “या, या. बसा. मी ताटल्या आणते.” कागदी ताटल्या. तिने त्या फेकल्या नव्हत्या.

एक डबा खिडकीजवळ ठेवला, एक दाराजवळ. मी सगळी हकीकत सांगितली. आईने कपाळावर हात मारला, बेसन भुवईपर्यंत आलं. “बावा, कोनाची खूण उचलली पोरीनं.” मग हात पुसून ती खाली बसली आणि म्हणाली, “आना इकडे, मी सांगते आपली कोनती.”

त्याच वेळी मी दाराजवळच्या डब्यातली एक तोंडात टाकली होती. बेकरीतली भीती उतरली होती आणि चव लागली. जायफळ. स्वच्छ, लख्ख जायफळ. आई नानकटाईत जायफळ घालतच नाही, ती चिमूटभर मीठ घालते. म्हणजे दाराजवळचा डबा मगदूमांचा आणि खिडकीजवळचा आमचा. फैसला झाला. आता दोघी डबा उचलणार आणि जाणार. सन्मती अजून चप्पल काढून नीट टेकलीही नव्हती.

आईने दाराजवळचीच खाल्ली. एकदा चावली आणि माझ्याकडे बघितलं. मी फक्त बघत होते. मला वाटतं मी डोळ्यांनी आईला हात जोडले असावेत.

आईने तोंडातली संपवली. “मले तं नाई कळत,” ती म्हणाली. “तुम्हीच ठरवा बाई. मी चिवडा आनते.”

असा सुरू झाला आमचा फैसला. निलोफर न्यायाधीश झाली, कारण तिला दुसरं काही होताच येत नाही. आधी डोळे बांधून खायचं ठरलं. आईची ओढणी सन्मतीच्या डोळ्यांना बांधली आणि निलोफरने तिच्या तोंडात नानकटाईऐवजी शेव घातली.

“ही कुणाची?” निलोफरने विचारलं.

“ही तिखट आहे,” सन्मती म्हणाली. “तुझी असणार.”

मी हसले. मोठ्याने. मला माझं हसू ऐकून दचकायला झालं, घरात इतके महिने ते आलंच नव्हतं. मग माझे डोळे बांधले. मी दोन्ही डब्यांतल्या ओळखल्या आणि दोन्ही वेळा म्हणाले, “सांगता येत नाही गं.”

“मला पण,” सन्मती म्हणाली.

मला तिची थोडी कीवच आली. म्हटलं, एवढी हुशार, पहिल्या तिघांत नंबर, आणि जीभ बघा कशी, नुसती बोलायला दिलेली. घरचं जायफळ कळू नये?

मधे मधे पाणी प्यायचं, चव जायला. मधे मधे चिवडा, तोंड बदलायला. निलोफरने बेकरीतून खिशात आणलेली खारी काढली, तिचा चुरा झाला होता, तो आम्ही चिमटीने खाल्ला. सन्मती म्हणाली, “आमच्यात चिरोटे झालेत, आणायला पाहिजे होते.” निलोफरने गणिताच्या सरांची नक्कल केली. सरांना फळ्याकडे वळलं की खोकला येतो, ती त्यांच्यासारखी खोकली आणि खारीचा चुरा तिच्या नाकातून आला. सन्मती आडवी पडून हसली. मग ती मला म्हणाली, “तू कशी बोलतेस गं अकोल्यात? शाळेत बोलतेस तसं नाही, तुझी आई बोलते तसं.” मी तिला ‘का’ला ‘काहून’ म्हणायला शिकवलं. तिने मला ‘व्हय की’ शिकवलं. निलोफरला दोन्ही येत होतं.

“आता तरी कळलं का?” आई मधेच दारातून विचारून जायची.

“नाही काकू. अजून एकेक खाऊन बघतो,” सन्मती म्हणायची.

“घाई नका करू,” निलोफर म्हणायची. “फैसला घाईत होत नसतो.”

खिडकीतलं ऊन भिंतीवरून वर सरकत होतं. मी त्याच्याकडे बघत नव्हते, पण ते मला पाठीला कळत होतं. मधेच माझ्या मनात आलं, सांगून टाकावं. मग म्हटलं, अजून एक खेप. फक्त एक.

फाटक वाजलं. मगदूम काकी आल्या. आत आल्या, आईला नमस्कार केला, आणि आमच्या मधला पसारा बघितला. चिवड्याचा सडा, पाण्याचे पेले, माझ्या डोक्यावर गेलेली ओढणी.

“झाला का निकाल?”

“नाही अजून,” तिघी एकदम म्हणालो.

काकी वाकल्या. दाराजवळच्या डब्याचं झाकण उघडलं, नाक खाली नेलं. एवढंच. खाल्लीसुद्धा नाही.

“ही आपली,” त्या म्हणाल्या. “जायफळाचा वास घरभर सुटलाय. सन्मती, तुला कळलं नाही?”

सन्मती ताटलीतले शेवेचे तुकडे गोळा करायला लागली.

“अगं, काल तूच किसलंस की जायफळ. बोट खरवडून घेतलंस.”

मी सन्मतीकडे बघितलं. तिच्या उजव्या हाताच्या बोटाला पट्टी होती. ती दिवसभर तिथेच होती. काकींनी लेकीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, मग आईकडे. आई पंख्याकडे बघत होती, जणू तो आजच लावला आहे.

“तुम्हाला तरी कळली असेल की तुमची,” काकी आईला म्हणाल्या.

“मीठ असते आमच्यात,” आई पंख्याला म्हणाली.

काकींच्या खांद्याला आधी हसू आलं, मग तोंडाला. त्या पदर तोंडाशी धरून खुर्चीवर बसल्याच. “काय बाई लोक आहात,” त्या म्हणाल्या. “पाणी द्या जरा. दिवस आहे अजून.”

आई पाणी आणायला आत गेली आणि काकीही तिच्या मागोमाग आत गेल्या, शेव कशी झालीय बघायला. आम्ही तिघी पायरीवर आलो.

“तुला बेकरीतच कळलं होतं?” मी विचारलं.

“कळणार नाही होय?”

“अगं, ही तर तू खूण उचलतानाच बघत होती तुला,” निलोफर म्हणाली. “मी बघितलं. तेव्हाच नाही का सांगायचं? माझे अब्बा उगाच कावरेबावरे झाले.”

“सांगितलं असतं तर हिने खूण पुसली असती,” सन्मती म्हणाली. “मग हिच्या घरी यायचं कसं?”

“पण मी बोलावलं होतं की. वर्गात. तू ‘बघतो’ म्हणालीस.”

“हां, मग?”

“मग म्हणजे?”

“मग तू परत विचारलंच नाहीस.” ती चप्पल घालता घालता म्हणाली, खाली बघून. “मी रोज वाट बघायचो. एकदा विचारल्यावर कोण येतं गं? हावरटासारखं.”

मी तिची दुसरी चप्पल पायाने तिच्याकडे सरकवली.

काकी बाहेर आल्या. सूर्य पलीकडच्या गल्लीच्या छपरांवर टेकला होता. “चल चल, जेवायचं आहे तुला,” म्हणत त्या पुढे निघाल्या. सन्मती धावत आत गेली, डबा उचलून आली, निलोफरने तो सायकलवर बांधला, आणि तिघी गल्लीच्या टोकाला गेल्यासुद्धा. मी फाटकावर लोंबकळत त्या दिसेनाशा होईपर्यंत बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दात घासत होते तेव्हा फाटक वाजलं. सन्मती उभी होती, दोन्ही हातांनी डबा पोटाशी धरून, धापा टाकत. डब्यावर झाकलेल्या ताटलीत चिरोटे होते.

“डबा बदलला,” ती म्हणाली. “खिडकीजवळचा नेला मी. मिठाचा.”

“चुकून?”

“चुकूनच की.” आणि चपला काढून सरळ आत आली.

आईने स्वयंपाकघरातून डोकं बाहेर काढलं. “चहा टाकू का गं तुझाही?”

“नको काकू. घेऊन आलो,” सन्मती म्हणाली.

मी तोंडातला फेस पटकन थुंकले आणि आईला ‘परत विचार’ अशी खूण केली, पण आईने पातेल्यात पाणी वाढवायला घेतलंच होतं.

“घे गं, थोडासा,” ती म्हणाली. “विलायची टाकते.”

“बरं,” सन्मती म्हणाली आणि मांडी घालून बसली. “अर्धा कप.”